नऊ वाजून पाच मिनिटांचं यंत्र

लिफ्टने एक हिसका दिला. फार मोठा नाही, झोपेत कुणी कूस बदलावी एवढाच. पण त्यानंतर ती हललीच नाही. दरवाज्यावरच्या चौकोनात लाल चार उजळला होता, तो चारच राहिला. तिने पाचाची कळ पुन्हा दाबली, मग एकाची, मग उगाचच तिसऱ्या मजल्याची, जिथे तिचं आयुष्यात काही काम पडलं नव्हतं. मग सगळ्या कळा एकदम. लहानपणी लोकांच्या दारावरच्या घंटा वाजवून पळायचं असतं तशा. पण इथे पळणार कुठे? तीन पावलं लांब, दोन पावलं रुंद, आणि एका बाजूला आरसा. आरशात चव्वेचाळीस वर्षांची एक बाई, खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात मोबाइल आणि तोंडावर ‘हे नेमकं आजच’ असा भाव. मोबाइलमध्ये आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. वार मंगळवार. नेटवर्कच्या दांड्या असतात तिथे एक बारीक फुली.

म्हणजे तेरा मिनिटं आणि वर पाच. नऊ वाजून पाच मिनिटांनी तिला यंत्र व्हायचं होतं.

हे यंत्र होणं फार साधं होतं, इतकं साधं की कुणाला सांगायला गेलं तर ऐकणारा म्हणाला असता, एवढंच? ती ज्या ऑफिसात काम करायची तिथे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक अ‍ॅप बनवलं होतं. अ‍ॅपमध्ये एकच बटण, बशीएवढं मोठं: ‘मी ठीक आहे’. सकाळी उठलं की नऊच्या आत ते दाबायचं. दाबलं की ऑफिसच्या यादीत त्या माणसाचा ठिपका हिरवा होतो. नाही दाबलं तर नऊ पाचला त्याला संदेश जातो, ‘आज आपण बटण दाबलेलं नाही. आपण ठीक आहात ना?’ तरीही पंधरा मिनिटं उत्तर नाही आलं तर शेजाऱ्याला फोन. माहितीपत्रकावर छापलं होतं, आमची प्रणाली अहोरात्र जागी असते. तर ही प्रणाली म्हणजे ती. तिचा उजवा अंगठा. रोज सकाळी नऊला ती मोबाइलवर यादी उघडायची, लाल ठिपके शोधायची आणि एकेकाला तो संदेश पाठवायची. मग मोबाइल पालथा घालून पंधरा मिनिटं बसायची, भात शिजतोय की करपतोय असा वास घेत बसावं तशी.

लिफ्टमध्ये संकटाची म्हणून एक लाल कळ होती, वर घंटेचं चित्र काढलेली. तिने ती दाबली. कुठेच काही वाजलं नाही. मग तिला खालचा कागद दिसला. रोज दोनदा ती त्या कागदासमोर उभी राहायची आणि आज पहिल्यांदा वाचत होती: ‘बेलचे कनेक्शन लवकरच होईल. तोपर्यंत अडकल्यास खालील नंबरवर फोन करावा.’ कागद पिवळा पडला होता, चिकटपट्टी तपकिरी झाली होती, आणि नंबराचे शेवटचे दोन आकडे कुणीतरी नखाने खरवडले होते. ती हसली. आरशातली बाईही हसली, पण जरा उशिरा, असं तिला वाटलं. बटण लावलंय. तार नंतर येणार आहे. तिला वाटलं, ही लिफ्ट आमच्याच ऑफिसात बनली की काय.

कारण अगदी अशीच सुरुवात झाली होती. तीन वर्षांपूर्वी, पाचव्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत, मास्तर फळ्यापुढे उभे होते. मास्तर शाळेतले नव्हेत. प्रोजेक्टची सकाळची हजेरी घेणारा, कोण काय करतंय ते विचारणारा माणूस; त्याच्या हुद्द्याच्या इंग्रजी नावातच मास्तर होतं, म्हणून सगळे मास्तर म्हणायचे आणि त्यांनाही ते आवडायचं. त्या दिवशी प्रोग्रॅम लिहिणारा दाढी (त्याला दुसरं नाव असेल, पण दाढी एवढी होती की नाव मागे पडलं) म्हणाला होता, नऊ पाचला आपोआप विचारणारं यंत्र लिहायला मला सहा आठवडे लागतील. मास्तरांनी फळ्यावर एक दार काढलं. नुसतं दार, भिंती नाहीत, छप्पर नाही. म्हणाले, आपल्याला घर बांधायचंय ना, मग आधी घर बांधायचं नाही. आधी दार लावायचं. कुणी येऊन टकटक करतंय का ते बघायचं. कुणी येणारच नसेल तर भिंतींवर मेहनत कशाला? याला एमव्हीपी म्हणतात, कमीत कमी चालेल एवढंच बनवायचं, लोकांच्या हातात द्यायचं, शिकायचं, मग पुढचं. सगळ्यांना पटलं. तिलाही पटलं, आजही पटतं. मास्तर चुकीचं काहीच बोलले नव्हते, हीच तर पंचाईत. तिने फक्त एक प्रश्न विचारला होता, की टकटक झाली तर दाराच्या मागे कोण उभं असेल? आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन आठवडे, मास्तर म्हणाले, फार तर तीन. तिने स्वतःच्या हाताने पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं, ‘नऊ पाचचं काम यंत्रावर नेणे’, आणि फळ्यावर ‘नंतर’ असं लिहिलेल्या रकान्यात ती चिकटवली.

टकटक झाली. एक्केचाळीस जणांनी केली. आणि दाराच्या मागे कुणीतरी आहे म्हटल्यावर घर बांधायची घाई कुणालाच उरली नाही. नव्याचे नऊ दिवस संपले, दर दोन आठवड्यांच्या बैठकीत तिची चिठ्ठी वाचली जायची, मास्तर विचारायचे, ‘पण चालतंय ना?’ आणि ती म्हणायची चालतंय. चालतच होतं. मग रंग बदलायचं काम आलं, अक्षरं मोठी करायचं काम आलं, दाढी दुसरीकडे नोकरीला गेला, नवी पोरं आली, त्यांना वाटलं यंत्र आहेच. हळूहळू मास्तरांनाही वाटायला लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या मुठीत आपणच आहोत आणि आता बोटं उघडत नाहीत, हे तिच्या लक्षात यायला वर्ष गेलं.

आठ वाजून चौपन्न. तिने दाराच्या फटीला कान लावला. फटीतून थंड, ग्रीससारखा वास येत होता. तिने मूठ आपटली, मग चप्पल काढून चपलेने आपटलं, मग ‘कुणी आहे का’ असं आधी सभ्यपणे आणि मग शेजारच्या दोन इमारतींना ऐकू जावं इतक्या जोरात विचारलं. ऑफिसात नऊच्या आधी पोचणारी ती एकटीच. बाकी सगळे साडेनऊनंतर येणार, आणि त्यातले निम्मे तब्येत जपणारे, जिन्याने चढणारे.

तिची मुलगी म्हणायची, आई, तू रोबो आहेस हे कळलं तर खऱ्या रोबोंना लाज वाटेल. मुलगी पंधरा वर्षांची होती आणि हे गुपित माहीत असलेली घरातली एकटी. तिनेच पाहिलं होतं, दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून, नाकाशी दिवा असताना, आई पदराखाली काहीतरी टाइप करतेय. तिनेच पाहिलं होतं, सहलीला टेकडी उतरून खाली आलेली आई नऊला पाच कमी असताना पुन्हा टेकडी चढतेय, कारण नेटवर्क वरच. बाकीच्या बायका म्हणाल्या, केवढा उत्साह बाई. एकदा मुलीने विचारलं होतं, ‘आजोबांना तू सरळ फोन का नाही करत?’ ती म्हणाली, ‘अगं, आठ वाजून चाळीसलाच हिरवे झालेत ते.’ मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. ‘आजोबा म्हणजे काय सिग्नल आहे?’

त्या एक्केचाळीसातला पहिला, यादीतला एक नंबर, म्हणजे तिचे वडील. चाचणीला कुणीतरी घरचंच माणूस हवं होतं, आणि बाबा चार तासांवरच्या शहरात दोन खोल्यांत एकटे होते, आई गेल्यापासून. ती स्वतः जाऊन त्यांच्या फोनमध्ये ते बशीएवढं बटण घालून आली होती. त्याआधी ती रोज संध्याकाळी फोन करायची. ‘जेवलात?’ ‘जेवलो.’ ‘औषध?’ ‘घेतलं.’ ‘बाकी?’ ‘बाकी काय, ठीक.’ मग ती बटणाकडे बघायला लागली आणि तिला कळलं की त्या सगळ्या फोनचं सार एका हिरव्या ठिपक्यात मावतं. फोन दिवसाआड झाला, मग रविवारी, मग रविवारीही राहून जायला लागला. कमीत कमी चालेल एवढं. आणि चालत होतं. हा विचार तिला लिफ्टमध्ये आला तेव्हा तिने तो चपलेसारखा हातात उलटसुलट करून पाहिला आणि खाली ठेवला. तो जड होता.

बाकीचे चाळीसही तिला ठिपक्यांनीच माहीत होते, आणि तरी किती माहीत होते. बावीस नंबर पहाटेच हिरवी व्हायची, मग सहाला पुन्हा, आठला पुन्हा. एकदा दाबून तिचं समाधान होत नसे. अकरा नंबर, जहाजावरचा म्हातारा स्वयंपाकी, बरोबर आठ एकोणसाठला दाबायचा, सुटत्या गाडीत चढणाऱ्यासारखा. सदतीस नंबर संदेशाला उत्तर पाठवायची, ‘धन्यवाद यंत्रा, आज गुडघे बरे आहेत.’ आणि बाबा. बाबा शिस्तीचे, रोज पावणेनऊच्या आत, फक्त मंगळवारी विसरायचे. दर मंगळवारी नऊला एक नंबर लाल असायचा, तिचा संदेश गेला की अर्ध्या मिनिटात हिरवा. म्हातारपण, ती म्हणायची. मंगळवारी त्यांचं बाहेरचं काहीतरी काम असणार. कधी विचारलं मात्र नाही. यंत्र असं विचारत नाही.

नऊ वाजले. चौकोनातला चार तसाच. काही झालं नाही, म्हणजे काही वाजलं नाही, पडलं नाही, फक्त आठचा आकडा जाऊन तिथे नऊ आला, आणि तिच्या उजव्या अंगठ्याला आपोआप एक बारीक कळ आली. अंगठा यादीवर गेला. यादीवर एक वर्तुळ गरगरत होतं. त्याच्यामागे कालचेच ठिपके, सगळे हिरवे, कालचे एक्केचाळीस ठीक लोक. आजचे कोण कुठे, कोण पलंगाच्या काठावर बसून पाय जमिनीला लागायची वाट बघतंय, कोण न्हाणीघरात, कोण नुसतंच झोपलंय, हे त्या वर्तुळापलीकडे. तिने मोबाइल छताला लावला, कोपऱ्यात लावला, पंजांवर उभी राहिली, आरशाला लावला. आरशातल्या बाईनेही तिच्याकडे आपला मोबाइल लावला. दोघींना एकमेकींचं नेटवर्क मिळेना. नऊ पाच. नऊ सहा. तिच्या पाठीला घाम आला आणि पाय मात्र गार पडले. तीन वर्षांत पहिल्यांदाच प्रणाली झोपली होती, आणि जगात ते कुणालाही माहीत नव्हतं.

आणि सोमवारपासून चार हजार. हे भूत अकरा दिवसांपासून तिच्या मानेवर होतं. वरच्या लोकांनी मास्तरांना सांगितलं होतं, तीन वर्षांत एकही संदेश चुकला नाही, यंत्र पक्कं झालंय, आता चार हजार माणसं घेऊ. चार हजारांतले नऊला लाल किती असतील? पाचशे? सहाशे? एका अंगठ्याने दहा वाजेपर्यंत साठ होतील. बाकीच्यांना कुणी विचारणार नाही, शेजाऱ्याला फोन जाणार नाही, आणि त्यातला एखादा न्हाणीघराच्या फरशीवर पडून छताकडे बघत मनात म्हणेल, येईलच आता, प्रणाली जागी आहे. हे सांगायलाच हवं होतं. रोज सकाळी दहाला सगळे फळ्यासमोर गोल करून उभे राहतात, प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या, काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय. अकरा दिवस तिने ठरवलं होतं की आज सांगायचं, आणि अकरा दिवस तिची पाळी आली की जीभ आपली म्हणायची, ‘अडथळा काही नाही.’ सांगायचं म्हणजे तीन वर्षं मी गप्प राहिले हेही सांगायचं. आणि आणखी एक होतं, ते तिने स्वतःलाही मोठ्याने सांगितलं नव्हतं. खरं यंत्र आलं तर बाबांना यंत्रच विचारेल.

लहानपणी तिला वाटायचं, बाबा फोनच्या आत राहतात. ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर होते. कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या. एका गावचा माणूस दुसऱ्या गावाशी बोलायचा तो बाबांच्या हातातून जायचा. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन होता. एकदा दुकानदाराचं लक्ष नाही बघून तिने रिसीव्हर उचलला. आतून आवाज आला, ‘नंबर?’ कोरडा, सरकारी, कुणाचाच नसलेला आवाज. ती इतकी घाबरली की नुसता श्वास घेत राहिली. मग त्याच तारेतून, अगदी हळू, दुसराच आवाज आला: ‘जेवलीस का?’ आणि लगेच पुन्हा पहिला, ‘लाइन धरून ठेवा.’ ती घरी धावत आली आणि आईला म्हणाली, बाबा फोनमध्ये आहेत, पण ते सांगत नाहीत. आई हसून हसून खाली बसली होती.

तिनेही लिफ्टमध्ये बसकण मारली. बॅग मांडीवर. फरशीला रबराची नक्षी होती, बारीक गोल गोल, ओळीने, सगळे करडे. ती मोजायला लागली आणि एक्केचाळिसाला थांबली. बाहेर कुठेतरी पाणी भरत होतं. किती वेळ गेला ते घड्याळात दिसत होतं, पण घड्याळाचा आणि वेळेचा संबंध तुटल्यासारखा झाला होता. नऊ अठरा असताना तिला वाटलं तास झाला, आणि नऊ एकतीस झाले तेव्हा वाटलं, एवढ्यात? तिला मध्येच असंही वाटलं, आणि त्याची तिला भीती वाटली, की बरं आहे. इथे कुणी विचारत नाही आणि विचारायला कुणी नाही.

‘ताई.’ वरून आवाज आला. फटीतून. खालच्या गेटवर बसणारे काका. ‘ताई, आहात ना आत?’

‘आहे.’

‘ठीक आहात ना?’

तिच्या तोंडून गेलं, ‘ठीक आहे.’ आणि बोलल्यावर तिला चटका बसला. घाम, गार पाय, चप्पल एका हातात, बसलेला आवाज, आणि ठीक आहे. सदतीस नंबरचे गुडघे रोज असेच बरे असणार.

काकांनी आणि कुणा इलेक्ट्रिशियनने मिळून दार उघडलं तेव्हा पाचव्या मजल्याची फरशी तिच्या खांद्याशी होती. आधी तिची बॅग वर गेली, मग ती, शाळेत भिंतीवरून उडी मारायचे तशी पण उलटी. काका आपलं सांगत होते, बेलचं काम अर्जात आहे, कधीचं भिजत घोंगडं. पण चालत होतं ना, कुणी अडकलंच नव्हतं. मग म्हणाले, बरं झालं तुमच्या वडिलांचा फोन आला. ती थांबली. कुणाचा? तुमच्या वडिलांचा, खालच्या रिसेप्शनवर, काका म्हणाले. सव्वानऊपासून चार वेळा. मुलीचा मोबाइल लागत नाही, ती आली का? तिथली पोरगी वर फोन लावून म्हणाली, नाही आल्या. ते म्हणाले, गेटवरच्या कार्डाच्या मशीनमध्ये बघा. मशीनमध्ये आठ चव्वेचाळीस. म्हणजे इमारतीत आहेत आणि ऑफिसात नाहीत, मग मीच लिफ्टचा आकडा बघितला. पण त्यांना कसं कळलं हो?

मोबाइलला दांड्या आल्या होत्या आणि यादी उघडली होती. सहा लाल. तिथेच जिन्याच्या कठड्याला टेकून तिने अंगठ्याने पाच जणांना विचारलं, आणि पाचही एकामागून एक हिरवे झाले. अकरा नंबर तर कधीच उठला होता, बटण दाबायचं राहिलं होतं इतकंच. कुणी पडलं नव्हतं. कुणाला काही झालं नव्हतं. पाऊण तास कुणी कुणाला विचारलं नाही आणि जग बिनतक्रार चाललं. हे तर जास्तच भयंकर होतं, कारण आता दाखवायला हातात काहीच नव्हतं. सहावा लाल म्हणजे एक नंबर. आज मंगळवार. त्याला संदेश पाठवायला अंगठा गेला आणि मध्येच थांबला. तेवढ्यात काचेच्या खोलीतून मास्तरांनी हाक मारली, दहा वाजले.

सगळे गोल करून उभे. परीक्षण करणारा मुलगा म्हणाला, काल चाचण्या केल्या, आज करणार, अडथळा नाही. रंगांची कामं बघणारी नवी मुलगी म्हणाली, काल हिरवा बदलला, आज जरा वेगळा हिरवा करणार, अडथळा नाही. तिची पाळी आली. मास्तर म्हणाले, अहो लिफ्टवाल्या बाई, तुमचा अडथळा कळला आम्हाला, सगळे हसले. तिच्या गुडघ्याला ग्रीस लागलं होतं.

‘नऊ पाचला विचारणारं यंत्र नाहीये,’ ती म्हणाली. ‘मी विचारते. तीन वर्षं. हाताने. आज मी लिफ्टमध्ये होते म्हणून कुणीच विचारलं नाही.’

नव्या मुलीच्या तोंडातून ‘काय’ असा श्वास निघाला. मास्तर तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुनं काहीतरी हळूहळू वर येताना तिला दिसलं, विहिरीतून कळशी यावी तसं. ‘अजून?’ ते म्हणाले. ‘ते तर दोन आठवड्यांसाठी होतं.’ ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी खरोखर कपाळाला हात लावला, खरोखर सॉरी म्हणाले, आणि मग त्यांची नजर फळ्यावर गेली. फळ्यावर सोमवार होता. ते येरझारा घालायला लागले. यंत्र लिहायला सहा आठवडे, सोमवार सहा दिवसांवर. वरच्या लोकांना नाही म्हणता येणार नाही. पण, ते थांबले, पण आपण यातून शिकलो काय? की हाताने चालतं. तीन वर्षं चाललं. मग चार हजार एकदम नको, चारशे घेऊ. आणि नऊ जणी आणखी घेऊ. दहा जणींना चाळीस-चाळीस. ही शिकवेल त्यांना. हिच्यासारखं कुणाला जमणार? फक्त दोन आठवडे. फार तर तीन.

सगळ्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. कुणीतरी टाळी वाजवली. मास्तरांनी ‘नंतर’च्या रकान्यातून तिची पिवळी चिठ्ठी काढली. ती आता जवळजवळ पांढरी झाली होती, गोंद केव्हाच वाळला होता, पंख्याच्या वाऱ्याने ती कितीदा खाली पडायची आणि झाडणाऱ्या बाई ती उचलून परत लावायच्या. मास्तरांनी ती चिठ्ठी वाचली, मान हलवली, आणि एक टाचणी घेऊन त्याच रकान्यात घट्ट खोचली. ‘आता नाही पडणार.’

ती म्हणणार होती की नाही. हे मी यासाठी सांगितलं नव्हतं. दारामागे दहा जणी उभ्या केल्या म्हणजे घर होत नाही. हे सगळं तिच्या तोंडात तयार होतं. आणि तिने स्वतःचा आवाज ऐकला, शांत, कामाचा, कोरडा: ‘एक ते एक्केचाळीस माझ्याकडेच राहू दे.’ मास्तर म्हणाले, अर्थात.

खोलीतून बाहेर आली तेव्हा लिफ्ट दुरुस्त झाली होती. दार उघडून उभीच होती, आतला आरसा चकचकीत, बशीतल्या दुधासारखा उजेड. ती जिन्याकडे वळली. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये, जिथे जिना वळतो, तिथे ती पायरीवर बसली. भिंतीच्या पलीकडे अगदी इथेच, याच उंचीवर, ती सकाळी लोंबकळत होती. यादीत एक नंबर अजून लाल. तिने संदेश पाठवला नाही. नंबर लावला.

पहिल्याच घंटेला उचलला. ‘उशीर झाला आज,’ बाबा म्हणाले.

‘तुम्हाला कधीपासून माहीत आहे?’

‘पहिल्या महिन्यापासून. यंत्र ठरल्या सेकंदाला विचारतं. तुझं कधी नऊ पाच, कधी नऊ सात. तू दाताच्या डॉक्टरकडे जाणार म्हणून तुझ्या पोरीने सांगितलं होतं, त्या दिवशी नऊ अकरा.’ ते जरा खोकले. ‘एकतीस वर्षं बोर्डावर बसलो मी. पलीकडे माणूस आहे का नाही ते कळत नाही होय मला?’

‘बोलला का नाहीत मग?’

‘तू पण नाही बोललीस. म्हटलं, ड्यूटीवर आहे. ड्यूटीवरच्या माणसाशी गप्पा मारायच्या नसतात.’

जिन्यावरून कुणीतरी खाली गेलं, तिने पाय आखडून घेतले. मग तिला आठवलं. ‘आणि मंगळवारी विसरता ते?’

‘विसरतो कुठे? मंगळवारी दाबत नाही. म्हटलं, आठवड्यातून एकदा तरी विचारशील.’

‘मंगळवारच का?’

‘सोमवारी तुला घाई असते.’

भिंत पाठीला गार लागत होती. भिंतीआड लिफ्ट वर गेली, गुरगुरत, मग खाली आली. दीडशे तरी मंगळवार, तिने मनात हिशेब केला, आणि प्रत्येक मंगळवारी तेच एक वाक्य, मास्तरांनी एकदा नक्की केलेलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्यासाठी म्हातारा बटणासमोर हात आवरून बसत होता. आणि सोमवारपासून नऊ जणींना ती तेच वाक्य शिकवणार होती. ती नुसता श्वास घेत राहिली.

‘ऐक,’ बाबा म्हणाले. आवाज एकदम हळू झाला, तारेतून आल्यासारखा. ‘तू ठीक आहेस ना?’

हे वाक्य तिने किती हजार वेळा पाठवलं होतं. त्याचं उत्तर बशीएवढं असतं, हिरवं असतं, एकच असतं. दुसऱ्या उत्तराची जागा ऑफिसातल्यांनी पहिल्या वेळी ठेवलीच नव्हती, वेळ वाचावा म्हणून. तिचा अंगठा मोबाइलच्या काचेवर आपोआप फिरला, काहीतरी शोधत. तिच्या बाजूला बटण नव्हतं.

‘बोल सावकाश,’ बाबा म्हणाले. ‘लाइन धरून बसलोय मी.’

‘नाही,’ ती म्हणाली.

पलीकडून कुणी फोन ठेवून दिला नाही.